गंधवाह फॅन्स डॉट कॉम

आपल्याला जे मनापासून आवडतं त्याचं कौतुक करायला कुणाची परवानगी लागत नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत समजत होतो. आता मी असं काहीही समजत नाही. आता मी आधी देविकाला फोन करतो.

मला आवडतात ते पंखे. छताचे पंखे, आणि त्यातही गंधवाह कंपनीचे. गंधवाह म्हणजे वारा. ज्या काळी कारखानदार मालाला नाव देण्याआधी संस्कृतच्या मास्तरांना विचारत, त्या काळातली ही कंपनी. आमच्या ठाकूरद्वारच्या घरात तिचे चार पंखे आहेत. दिवाणखान्यातला माझ्या वडिलांच्या लग्नातला आहे आणि तो आजही असा फिरतो की खाली बसलेल्या माणसाला वारा लागतो, आवाज लागत नाही. एखाद्याला जुनी गाणी आवडली तर लोक त्याला रसिक म्हणतात. जुने पंखे आवडले तर त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारतात, रिटायर कधी झाले?

तर रिटायर झाल्यावर मी या पंख्यांबद्दल लिहायला लागलो. बेअरिंगला ग्रीस कधी द्यावं, पाती डुगडुगायला लागली तर वजन कुठे चिकटवावं, कुठल्या सालच्या मॉडेलची छताजवळची वाटी पितळी होती, असं. वहीत लिहीत होतो तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग ते हर्षवर्धनने वाचलं.

हर्षवर्धन नवलकर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतो. शाळेपासूनचा मित्र. औषधांच्या एका कंपनीत मार्केटिंगला होता, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट अजून खपलेली नाही याचं त्याला आतून दुःख होतं.

"अरे अच्युत, हे वहीत काय खरडतोयस? वेबसाइट काढ," तो म्हणाला.

"मला त्यातलं काही कळत नाही."

"मला कळतं. नाव काय देशील?"

मी म्हटलं, 'जुन्या पंख्यांविषयी थोडेसे'. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझा सगळा जन्म थोडासाच झाल्यासारखं वाटलं.

"लोक शोधताना काय टाइप करतात? कंपनीचं नाव. ते नावात पाहिजेच. गंधवाह फॅन्स डॉट कॉम. फॅन म्हणजे पंखा आणि फॅन म्हणजे चाहता. एका दगडात दोन पक्षी. बघ, नाव मोकळं आहे. कंपनी स्वतः कुठल्या तरी लांबलचक नावाने बसलीये. गाढव लोक."

मला तो श्लेष फार आवडला. आज मागे वळून पाहताना वाटतं, माणसाने श्लेषापासून सांभाळून राहावं. मी इंटरनेटवर कार्डाने पैसे भरत नाही, म्हणून नोंदणी हर्षवर्धननेच त्याच्या कार्डावर केली. मी त्याला रोख दिले आणि वर माझ्या बायकोने, राजलक्ष्मीने, त्याला करंजीसारख्या शिंगाळ्या खाऊ घातल्या.

साइट सुरू झाल्याचं इमारतीत कळलं आणि सल्ले यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या ललिताबाई म्हणाल्या, रोजचं राशिभविष्य टाका, मी तर फक्त त्यासाठीच इंटरनेट उघडते. त्यांच्या यजमानांनी सुचवलं की नुसती अक्षरं भकास दिसतात, काहीतरी चित्र हवं. म्हणून मी कंपनीचं जुनं बोधचिन्ह, पंख पसरलेला गरुड, एका जाहिरातीवरून काढून साइटच्या माथ्यावर लावलं. हर्षवर्धन म्हणाला की 'संपर्क' नसलेली साइट म्हणजे दार नसलेलं दुकान. म्हणून मी माझा फोन नंबर आणि घरचा पत्ता दिला. राजलक्ष्मी एवढंच म्हणाली, "पत्ता कशाला?" पण बायकांना तंत्रज्ञानाची भीती वाटते असं त्या काळात माझं मत होतं.

पहिला फोन आला तेव्हा मी हरखून गेलो. माणूस म्हणाला, "गंधवाह का?" मी म्हटलं, "हो, बोला." तो म्हणाला, "तुमचा पंखा बसवून महिना नाही झाला, खडखडतोय. माणूस कधी पाठवता?" मी त्याला समजावून सांगितलं की मी कंपनी नव्हे, चाहता आहे. तो म्हणाला, "साहेब, टोलवाटोलवी नको."

मग फोन येतच राहिले. अंधेरीहून, नाशिकहून, एकदा तर हुबळीहून. काही जण शिव्या देत, काही रडकुंडीला आलेले असत. अशा वेळी नुसतं "राँग नंबर" म्हणून फोन ठेवणं मला जमेना. मी विचारायचो, "आवाज खर्र येतो की टक टक येतो?" बरेचदा काम फोनवरच व्हायचं. लोक आभार मानायचे. एका बाईंनी मला सांगितलं की गंधवाहची सर्व्हिस हल्ली फार सुधारली आहे. हे ऐकून मला आनंद झाला, ही खरी चूक. तिथेच मला घाम फुटायला हवा होता.

शेवंताबाई आल्या त्या दिवशी मी जेवायला बसत होतो. दारात खाकी खोका, खोक्यामागे हिरवं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी.

"तुमीच का गंधवाहवाले?"

"नाही, म्हणजे मी..."

"पत्ता बरोबर हाय ना? मंग झालं." त्या आत आल्या, खोका दिवाणखान्याच्या मधोमध ठेवला आणि पदराने वारा घेत खाली बसल्या. कुलाब्याच्या कोळीवाड्यातून टॅक्सी करून आल्या होत्या. मासळीच्या बाजारात त्यांचा गाळा होता. सून तेजस्वी हिला बाळंतपणाला घरी आणायचं म्हणून नवा पंखा घेतला, रिमोटवाला, आणि चार दिवसांत बंद पडला. तेजस्वीनेच मोबाइलवर आमचा पत्ता शोधून दिला होता.

"दुकानदार बोलतो कंपनीत जा. कंपनीचा फोन इंग्रजीत गाणी लावतो. तुमी निदान मराठीत बोलता," त्या म्हणाल्या.

मी तिसऱ्यांदा सांगितलं की मी कंपनीचा कुणी नाही. त्यांनी भिंतीवरच्या गंधवाहच्या जुन्या जाहिरातीकडे पाहिलं, डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, नातू होनार हाय माजा. खोटं कशापायी बोलता?"

आता यावर सुशिक्षित माणसाने काय करायला हवं होतं? हात जोडून नकार द्यायला हवा होता. मी स्क्रू ड्रायव्हर आणला. राजलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवून नको नको म्हणत होती, पण मला वाटलं ती ताट गार होतंय म्हणून सांगतेय. मी पंखा उघडला. आत एक हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर मुंग्यांएवढे भाग चिकटवलेले होते. बेअरिंग, कंडेन्सर, तांब्याची वेटोळी, माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. परक्याच्या लग्नात शिरल्यासारखं वाटलं. मी पंखा पुन्हा बंद केला. दोन स्क्रू उरले. आणि झाकणाच्या कडेला एक चंदेरी कागद होता तो फाटला होता. त्यावर छापलं होतं की हा कागद फाटल्यास हमी संपली.

"दुरुस्त झाला?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तुम्ही हा दुकानातच न्या," मी म्हटलं. उरलेले स्क्रू मी पुडीत बांधून दिले, ते का, हे मला अजून सांगता येत नाही.

दुकानदाराने फाटलेला कागद पाहिला आणि विचारलं, हे कुणी उघडलं? शेवंताबाई खरं बोलणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं, गंधवाहवाल्यांनीच, ठाकूरद्वारच्या. दुकानदाराने कंपनीला विचारलं, ठाकूरद्वारला तुमची शाखा कधी उघडली? आणि कंपनीने पहिल्यांदा आमची साइट उघडली.

नोटीस कुरिअरने आली. मी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात केली. अशी पत्रं मी लोकांना पाठवत असे. आपल्याला आलेलं पत्र वेगळं लागतं. त्यात माझ्याविषयी लिहिलं होतं की मी कंपनीच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कचा गैरवापर करून ग्राहकांची दिशाभूल करत आहे, कंपनीच्या नावलौकिकावर फुकट स्वार झालो आहे, आणि हे सगळं अप्रामाणिक हेतूने करत आहे. साइट ताबडतोब बंद करा, नाव आमच्या हवाली करा, नाहीतर हायकोर्टात दावा आणि नुकसानभरपाई. अप्रामाणिक हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. नोकरीत मला एक मेमोसुद्धा मिळाला नव्हता.

मी पत्र घेऊन हर्षवर्धनकडे गेलो. त्याने ते वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"कशाचं?"

"अरे, त्यांना ते नाव पाहिजे. एवढा वकील लावलाय म्हणजे किती पाहिजे असेल विचार कर. अमेरिकेत लोक असली नावं विकून बंगले बांधतात. तू घाबरून देऊन टाकशील याच आशेवर आहेत ते. आपण आकडा सांगायचा."

मला पैसे नको होते, हे मी शपथेवर सांगतो. पण अपमान झालेल्या माणसाला भरपाई हा शब्द गोड लागतो. हर्षवर्धनने मेल तोंडी सांगितली, मी टाइप केली. नाव हवं असल्यास आम्ही योग्य मोबदल्यात द्यायला तयार आहोत, असं लिहून पुढे एक आकडा घातला. तो आकडा इथे लिहायची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, जरा जास्त होत नाही का? तो म्हणाला, घासाघीस करतील ना. खाली सही माझी.

घासाघीस झाली नाही. दुसरं पत्र आलं आणि ते पहिल्यापेक्षा सभ्य भाषेत होतं, त्यामुळे जास्त भयंकर होतं. त्यात माझ्या मेलचे आभार मानले होते. अप्रामाणिक हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर होती, ती आपण स्वतःच पार पाडलीत, अशा अर्थाचं एक वाक्य होतं.

त्यानंतर माझी अन्नावरची वासना उडाली. दारावरची बेल वाजली की मला कोर्टाचा बेलिफ दिसायचा. कोर्टाच्या बोर्डावर आपलं नाव, खाली आमच्या ज्ञातीतली सगळी मंडळी ते वाचतायत, आणि कुणीतरी म्हणतंय, विजयकरांचा मुलगा ना हा, वडील किती सरळ होते.  राजलक्ष्मीने आपल्या भावाच्या मुलीला, देविकाला, बोलावून घेतलं. देविका वकील आहे. दादरला राहते, आणि आजवर मी तिला फक्त पाडव्याला बोलावत असे.

तिने दोन्ही पत्रं, माझी मेल आणि साइट असं सगळं शांतपणे पाहिलं.

"काका, तुमचा काय उद्देश होता?"

"कौतुक."

"मग खाली फोन नंबर कशाला? वर त्यांचं बोधचिन्ह कशाला?" ती चहाचा कप बाजूला ठेवत म्हणाली. "हे बघा, अशा भांडणात तीन गोष्टी बघतात. नाव त्यांच्या ब्रँडशी इतकं जुळतं का, की लोक फसतील. तुमचा त्या नावावर काही हक्क किंवा रास्त कारण आहे का. आणि नाव घेण्यात आणि वापरण्यात हेतू खोटा होता का. नुसती चाहत्यांची साइट असती, ठळक अक्षरांत 'आमचा कंपनीशी संबंध नाही' असं लिहिलं असतं, तर निदान भांडायला जागा होती. पण तुम्ही नाव काय घेतलंत? गंधवाह फॅन्स."

"फॅन्स म्हणजे चाहते."

"काका, ती कंपनी फॅन्सच विकते."

 ती पुढे म्हणाली, "लोक फसले याचा पुरावा तर तुमच्या दिवाणखान्यात येऊन बसला होता. आणि सगळ्यावर कडी म्हणजे तुम्ही नाव विकायला काढलंत. नोंदणीच्या खर्चाहून जास्त पैसे मागणं ही खोट्या हेतूची पहिली खूण धरतात. हे कुणी सुचवलं?"

हर्षवर्धन तिथेच सोफ्यावर बसला होता. तो पंख्याकडे पाहायला लागला. देविकाने लॅपटॉपवर काहीतरी शोधलं. "नाव नोंदवणाऱ्याचे तपशील बाहेर लपवलेले दिसतात. पण वाद पुढे गेला की ते उघड करावेच लागतात. नोंदणी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच असणार," मी म्हटलं.

"कार्ड माझं होतं," हर्षवर्धन हळूच म्हणाला. "म्हणजे फॉर्ममध्ये... घाईघाईत... माझंच नाव घातलं गेलं."



"मग कायद्याने नावाचे धारक तुम्ही, नवलकरकाका," देविका म्हणाली. "दावा झाला तर पहिले प्रतिवादी तुम्ही. अच्युतकाका दुसरे."

शाळेत प्रत्येक शर्यतीत हर्षवर्धन पहिला यायचा. एवढा खजील मी त्याला कधी पाहिला नव्हता. ज्या माणसाने मला आकडा सांगायला लावला होता, तो मिनिटभरात नावाच्या मोहापासून पूर्ण मुक्त झाला. "ही असली दुसऱ्याच्या नावावर जगायची वृत्तीच मला पटत नाही," तो म्हणाला. "देऊन टाकू. आत्ता देऊ. कोण येतंय घ्यायला?"

देऊन टाकणं सोपं नव्हतं. नाव दुसऱ्याकडे सोपवायचं तर एक सांकेतिक शब्द लागतो आणि तो नोंदणीच्या वेळच्या मेलवर येतो. हर्षवर्धनने मेल दिली होती त्याच्या जुन्या औषध कंपनीची. ती मेल तो रिटायर झाल्यावरही काही महिने चालू होती, याचा त्याला कोण अभिमान. आता ती बंद पडली होती. नोंदणीवाल्यांच्या मदतकेंद्राशी आम्ही लिहून लिहून बोललो. तिकडून एक यंत्र इंग्रजीत विचारायचं, आज मी आपला दिवस कसा सुंदर करू? मग त्यांनी ओळखपत्र मागितलं. ओळखपत्रावर नाव हर्षवर्धन वासुदेव, फॉर्मवर नुसतं हर्ष. ओळख पटत नाही, असं उत्तर आलं. चोराला चोरी कबूल करायची आहे आणि चौकीचं दार उघडत नाही, अशी आमची गत झाली. तिकडे कंपनीने दुसऱ्या पत्रात दिलेली मुदत संपत आली होती. शेवटी देविकाने कंपनीच्या वकिलांना फोन करून सगळं खरं सांगितलं आणि भेट ठरवली.

वकिलांचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मी कोट घातला होता. हर्षवर्धनने टाय लावला होता. वकील तरुण होता, अनिमेष नावाचा, मराठी बोलणारा. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा थोडा उतरला. त्याच्या मनात बहुधा कुणीतरी सराईत टोळी होती.

"साइट आपणच लिहिलीत?" त्याने मला विचारलं.

"हो. नाव यांनी घेतलं. पण लिहिलं मी, मेलही मीच पाठवली."

मी आधी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, देविका बोलेल. पण पत्रातला 'अप्रामाणिक' हा शब्द मला गप्प बसू देईना. मी म्हटलं, "साहेब, नाव घ्या, चित्र काढतो, जे लिहून द्यायचं ते देतो. चूक झाली. फक्त एक सांगतो. तुमच्या मालात एक रिमोटचा पंखा आहे, कुलाब्याच्या एका बाईंनी घेतलेला. तो बंद होता म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी कंपनी आहे असं समजून आल्या, आणि मी तो उघडला. हमी माझ्यामुळे गेली. त्यांना नवा पंखा मिळाला पाहिजे. तुम्ही देणार नसाल तर मी घेऊन देतो, पण मग तो दुसऱ्या कंपनीचा असेल."

देविकाने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.  अनिमेष उठून बाहेर गेला, काचेपलीकडे फोनवर बराच वेळ बोलत राहिला. हर्षवर्धन माझ्या कानात म्हणाला, "अच्युत, अट कशाला घातलीस? आता मी आत जाणार."

अनिमेष परत आला. "नाव आणि पुन्हा असं करणार नाही असं हमीपत्र आज मिळालं, तर कंपनी दावा करणार नाही. भरपाईही मागणार नाही," तो म्हणाला. "त्या बाईंचा पंखा उद्या बदलून मिळेल. त्या तारखेला बनलेला सगळा माल तसाही परत मागवतायत." मग त्याने समोरची फाइल मिटली. "कंपनीतल्या लोकांनी तुमची साइट पूर्ण वाचली आहे. ते पितळी वाटीचं साल तुम्ही चुकवलंय, असं त्यांनी सांगायला सांगितलंय."

नोंदणीवाल्यांचं कुलूप अनिमेषच्या ऑफिसमधून एका पत्राने उघडलं. हर्षवर्धनने तीन ठिकाणी सही केली, आपलं पूर्ण नाव घालून. मी हमीपत्रावर सही केली. थोड्या वेळाने हर्षवर्धनच्या फोनवर निरोप आला की गंधवाह फॅन्स डॉट कॉम हे नाव यापुढे आपलं नाही. अशा बातमीने दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारल्याचं त्या ऑफिसने आधी पाहिलं नसावं. देविका म्हणाली की दुसऱ्या कुठल्याही नावाने, ब्रँड न घालता, खुशाल लिहा. हर्षवर्धन लिफ्टमध्ये म्हणाला, "मिक्सरबद्दल लिहायला हरकत नाही," आणि आम्ही दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तळमजल्यापर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

घरी पोचलो तेव्हा मला कित्येक दिवसांनी भूक लागली होती. खरी भूक, पोटाला खड्डा पडल्यासारखी. येताना वाटेत मनाशी बेत केला होता. पापलेटाचं भुजणं, नाहीतर कोलंबीचं काहीतरी. मी चपला काढता काढता राजलक्ष्मीला सांगितलं, "सुटलो."

तिने आधी देवाला दिवा लावला. मग बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. या सगळ्या काळात ती एकदाही रागावली नव्हती, मला बोलली नव्हती, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"मी मुंबादेवीला नवस बोलले होते," ती म्हणाली. "हे सुटलं की महिनाभर मासे सोडायचे."

मला गहिवरून आलं. आम्हा पाठारे प्रभूंच्या घरात मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. "अगं, माझ्यासाठी तू एवढं कशाला?"

"मी नाही. तुम्ही सोडायचे."

"मी? नवस तू बोललीस ना?"

"प्रकरण कुणाचं होतं?" तिने विचारलं आणि ताट वाढलं.

ताटात दोडक्याची भाजी होती. तिच्या ताटात बोंबील होते, तळलेले, कुरकुरीत. मी एकदा तिच्या ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्या. मग जेवायला बसलो. भाजी दोनदा मागून घेतली.